परचक्र आणि यादवी: हरलेला सैनिक कुठे जातो?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: परक्या देशाशी होणारं युद्ध आणि देशातल्या देशात होणारं युद्ध यांत मुळातला फरक कोणता? जोडीला एक उपप्रश्नही आहे. समोर आपलीच माणसं असताना हात जरा आखडायला हवा, मग यादवीतच लोक इतके निर्दय का होतात?

मी बावीस वर्षं युद्धेतिहास शिकवतो आहे, आणि माझे बरेचसे विद्यार्थी गणवेशातले असतात. पहिल्या तासाला मी तोफा-बंदुकांचं नावही काढत नाही. एवढंच विचारतो: लढाई संपली, तुम्ही हरलात, आता कुठे जाल? सगळे म्हणतात, घरी. मग मी विचारतो, आणि ते घर ज्यानं तुम्हाला हरवलं त्याच्याच गल्लीत असेल तर? वर्ग गप्प होतो. परचक्रात हरलेली फौज सीमेपलीकडे निघून जाते, किंवा जिंकलेली तरी आज ना उद्या परतते. यादवीत कोणीच कुठे जात नाही. कायदा, डावपेच, क्रौर्य, तह, स्मारकं, या सगळ्यांतले फरक मला तरी या एकाच गोष्टीतून फुटलेले दिसतात.

युद्ध म्हटलं की दोन देशांच्या फौजा डोळ्यांपुढे येतात, पण दुसऱ्या महायुद्धानंतरचा हिशेब वेगळा आहे. १९४५ ते १९९९ या काळाची एक मोजणी अभ्यासकांमध्ये बरीच वापरली जाते. तिच्यानुसार देशादेशांतली युद्धं झाली सुमारे २५, आणि त्यांत रणांगणावर साधारण ३३ लाख माणसं मेली. यादवी युद्धं झाली सुमारे १२७, आणि त्यांतल्या लढायांपायी मेलेले किमान १ कोटी ६२ लाख. मुदतीतला फरक तर आणखी मोठा. देशादेशांतली निम्म्याहून अधिक युद्धं तीन महिन्यांच्या आत आटोपली. यादवीची मध्यक मुदत, म्हणजे निम्म्या यादव्या जिच्याहून जास्त चालल्या ती, सहा वर्षांच्या आसपास.

आपल्या भाषेत या दोन्हींना जुने शब्द आहेत. बाहेरून येतं ते परचक्र, घरात पेटते ती यादवी. प्रभासच्या किनाऱ्यावर यादव आपसांत लढून संपले, त्यावरून हा शब्द आला. त्या कथेतली एक गोष्ट मला फार नेमकी वाटते: त्यांच्या हाती शस्त्र म्हणून आलं ते किनाऱ्यावर उगवलेलं एरका गवत. बाहेरचा शत्रू नव्हता, नेमलेलं रणांगण नव्हतं, हाताशी सापडलं ते उपटलं आणि शेजारच्याला मारलं. १९९४ मध्ये रवांडात जी लाखो माणसं मारली गेली, त्यांतली फार मोठी संख्या शेतातल्या कोयत्यांनी मारली गेली.

पण यादवी चालू असताना तिला यादवी म्हणायला सहसा कोणी तयार नसतं. पहिली चकमक नावावरूनच होते. सरकार म्हणतं बंड, दंगल, दहशतवाद. समोरचे म्हणतात स्वातंत्र्ययुद्ध किंवा क्रांती. फिनलंडमध्ये १९१८ साली जेमतेम साडेतीन महिने लढाई झाली. जिंकलेले ‘गोरे’, म्हणजे सरकारपक्षाचे, तिला स्वातंत्र्ययुद्ध म्हणत, त्यांच्यातलेच काही लाल बंड म्हणत, हरलेले ‘लाल’, म्हणजे समाजवादी, तिला वर्गयुद्ध म्हणत. कोण कोणता शब्द वापरतो यावरून माणूस कुठल्या घरातला ते पुढे कित्येक वर्षं ओळखू येत असे.

नावाचा हा वाद पोकळ नसतो, कारण गळ्याला फास लागणार की नाही हे त्यावर ठरतं. अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवीचंच बघा. एप्रिल १८६१ मध्ये अध्यक्ष लिंकननं फुटून निघालेल्या दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. आता आपल्याच देशातलं बंदर बंद करायला नाकेबंदी कशाला लागते? सरकारी हुकूम पुरतो. नाकेबंदी ही दुसऱ्या युद्धमान पक्षाविरुद्ध करायची गोष्ट. म्हणजे तोंडानं ‘हे फक्त बंडखोर आहेत’ म्हणायचं आणि हातानं त्यांना परक्या राष्ट्रासारखं वागवायचं. ब्रिटननं ती फट बरोबर हेरली आणि मे महिन्यात स्वतःला तटस्थ जाहीर केलं. तटस्थ राहायला दोन बाजू लागतात.

त्याच वर्षी जूनमध्ये दक्षिणेचं ‘सव्हाना’ नावाचं छोटं जहाज उत्तरेच्या नौदलानं पकडलं. उत्तरेच्या व्यापारी जहाजांना लुटण्याचा दक्षिण सरकारचा परवाना त्याच्याकडे होता. दक्षिण हे राष्ट्र मानलं तर हे खलाशी युद्धकैदी, नाही मानलं तर साधे चाचे, आणि चाचेगिरीला शिक्षा फाशीची. न्यूयॉर्कमध्ये खटला उभा राहिला, ज्यूरीचं एकमत होईना. तिकडे दक्षिणेच्या अध्यक्षानं, जेफरसन डेव्हिसनं, बजावलं की आमच्या एकेका खलाशामागे तुमचा एकेक कैदी लटकवू, आणि त्यासाठी कैदेतल्या उत्तरेच्या अधिकाऱ्यांमधून चिठ्ठ्या काढल्या. शेवटी लिंकनच्या सरकारनं माघार घेतली आणि खलाशांना युद्धकैदी म्हणून वागवलं. यादवीत माणुसकी बहुतेक वेळा अशीच आत येते. समोरच्याकडेही आपली माणसं ओलीस आहेत हे कळलं की कायदा आपोआप मऊ होतो. आपल्या सैन्यासाठी लेखी, कलमवार युद्धनियम अमेरिकेनं काढले तेही याच युद्धाच्या मध्यावर, १८६३ साली.

आजचा आंतरराष्ट्रीय कायदाही या बाबतीत सरळसरळ दुभंगलेला आहे. १९४९ च्या चार जिनिव्हा करारांमधली जवळपास सगळी कलमं देशादेशांतल्या युद्धासाठी आहेत. यादवीच्या वाट्याला आलं ते चारही करारांत सारखंच छापलेलं तिसरं कलम. १९७७ मध्ये त्यांना दोन पुरवण्या जोडल्या, त्यांतली आंतरराष्ट्रीय युद्धाची १०२ कलमांची, अंतर्गत युद्धाची २८ कलमांची. कारण उघड आहे. बंडखोराला युद्धकैद्याचा दर्जा देणारा करार कुठलं सरकार आनंदानं सही करेल? परक्या देशाचा सैनिक पकडला गेला तर निव्वळ लढला म्हणून त्याला शिक्षा करता येत नाही, युद्ध संपलं की परत पाठवावं लागतं. यादवीतल्या लढवय्याला हे कवच नाही. तो देशाच्या फौजदारी कायद्यात बसतो: राजद्रोह, खून, बेकायदा शस्त्रं.

आता क्रौर्याकडे येतो. आधी एक दुरुस्ती: यादवी नेहमीच जास्त क्रूर असते असा काही नियम नाही. १९४१ नंतर जर्मनीनं सोव्हिएत भूमीवर जे केलं ते परक्यांविरुद्धचंच युद्ध होतं, आणि त्याच्यापुढे बहुतेक यादव्या फिक्या पडतात. उलट काही यादवींमध्ये सभ्यपणाही दिसतो. इंग्लंडच्या यादवीत जून १६४३ मध्ये संसदेचा सेनापती विल्यम वॉलर यानं राजाच्या बाजूच्या राल्फ हॉप्टनला पत्र लिहिलं. दोघे जुने मित्र, तरुणपणी युरोपात एकत्र लढलेले. वॉलरनं त्यात म्हटलं की शत्रूच नसलेल्या या युद्धाचा मला मनापासून तिटकारा आहे. तीन आठवडे उलटायच्या आत लॅन्सडाउनच्या टेकडीवर दोघांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. तरी ते युद्ध होतं दोन रांगांचं, दोन निशाणांचं.

जिथे अशी आघाडीची रेषा नीट आखलेली असते तिथे यादवीही बऱ्यापैकी ‘युद्धासारखी’ चालते. खरा कत्तलखाना उघडतो तो दिवसा एकाचं आणि रात्री दुसऱ्याचं राज्य असलेल्या भागात. अमेरिकेतच व्हर्जिनियाच्या मैदानात सैनिक रात्री नदीच्या दोन काठांवरून तंबाखू आणि कॉफीची अदलाबदल करत, आणि त्याच वर्षांत मिसूरी-कॅन्सस सीमेवर माणसं घरातून ओढून मारली जात होती. २१ ऑगस्ट १८६३ ला दक्षिणेच्या बाजूच्या क्वान्ट्रिलच्या टोळीनं कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावात सुमारे १५० पुरुष आणि मुलगे ठार मारले. चार दिवसांनी उत्तरेच्या सेनापतीनं हुकूम काढून सीमेवरच्या मिसूरीच्या चार परगण्यांतला बहुतेक ग्रामीण भाग रिकामा करवला. देश तोच, युद्ध तेच, बहुधा धर्म आणि भाषाही तीच. फरक एवढाच की इथे कोण कोणाचा हे कळत नव्हतं.

हे ‘न कळणं’ नीट समजून घ्यायला हवं. परचक्रात शत्रूचा गणवेश वेगळा, बोली वेगळी, बहुतेकदा चेहराही वेगळा. यादवीत शत्रू तुमच्यासारखाच बोलतो. मग तो ओळखायचा कसा? कागदावरून. लेबनॉनच्या यादवीत १९७५ पासून रस्त्यांवरच्या नाक्यांवर ओळखपत्र मागत, आणि त्यावर पंथ लिहिलेला असे. रवांडात ओळखपत्रावर माणूस हुतू की तुत्सी, म्हणजे तिथल्या दोन समाजांपैकी कुठला, हे नमूद असे. ही पद्धत बेल्जियन अमलात १९३० च्या दशकात सुरू झालेली. रेशनसाठी, शाळेसाठी बाळगलेला तुकडा एके दिवशी गळ्यापर्यंत येतो.

कागदानंही भागलं नाही की तोंडी माहिती लागते, आणि इथे यादवीचं सगळ्यात घाणेरडं अंग सुरू होतं. बाहेरून आलेल्या तुकडीला गावातलं काही माहीत नसतं. ती कोणाला तरी विचारते. ज्याला विचारलं त्याच्या मनात बांधाचं भांडण असतं, थकलेली उधारी असते, मोडलेलं लग्न असतं. तो बोट दाखवतो. तुकडीला वाटतं आपण शत्रू टिपला, गावाला माहीत असतं की खरं प्रकरण विहिरीचं होतं. स्पेनमध्ये १९३६ नंतर दोन्ही बाजूंनी हे भरपूर घडलं. मोठ्या पुढाऱ्यांच्या भाषणांत युद्ध तत्त्वांचं असतं. गावात ते भाऊबंदकीच्या अंगानं चालतं. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, यादवीतल्या गावाचा अभ्यास करताना जाहीरनामे नंतर वाचा, जमिनीचे दावे आधी वाचा.

संशयाला शब्दही यादवीनंच पुरवला. आपण सर्रास वापरतो तो ‘पंचमस्तंभी’ हा शब्द १९३६ चा, माद्रिदवर चाल करून जाणाऱ्या फ्रँकोच्या पक्षातला सेनापती मोला याच्या नावावर मांडला जातो: चार स्तंभ, म्हणजे फौजेच्या चार तुकड्या, बाहेरून येत आहेत, पाचवा शहरातच आहे. त्या एका बढाईची किंमत माद्रिदच्या तुरुंगांतल्या कैद्यांना मोजावी लागली.

आणि उपप्रश्नाचं उत्तर हेही आहे की परक्याचा राग येतो, आपल्याचा विश्वासघात वाटतो. परक्या सैनिकाकडून निष्ठेची अपेक्षाच नसते, त्यामुळे तो गद्दार ठरत नाही. आयर्लंडमधलं एक लग्न मी वर्गात नेहमी सांगतो. ऑक्टोबर १९२१ मध्ये केव्हिन ओहिगिन्सचं लग्न झालं, आणि नवरदेवाचा पाठराखा म्हणून उभा होता रोरी ओकॉनर. दोघेही ब्रिटिशांविरुद्ध एकत्र लढलेले. डिसेंबरात ब्रिटनशी तह झाला, तो पुरेसा की अपुरा यावरून फूट पडली, आणि जून १९२२ मध्ये यादवी पेटली. ओहिगिन्स नव्या सरकारात मंत्री, ओकॉनर सरकारच्या कैदेत पडलेल्या बंडखोर पुढाऱ्यांपैकी. ७ डिसेंबर १९२२ ला बंडखोरांनी संसदेच्या एका सदस्याला गोळ्या घातल्या. दुसऱ्याच सकाळी सरकारनं सूड म्हणून चार कैद्यांना खटल्याविना गोळ्या घातल्या. त्यांत ओकॉनर होता, आणि त्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाला ओहिगिन्सची संमती होती. लग्नाला जेमतेम तेरा महिने झाले होते. १९२७ मध्ये ओहिगिन्सही चर्चला जाताना मारला गेला. या यादवीच्या दोन बाजूंतून निघालेले दोन पक्ष एकाच सरकारात बसायला २०२० साल उजाडलं.

फौजेबद्दल थोडक्यात सांगून पुढे जातो. परचक्रात सैन्य सहसा अखंड असतं. यादवीत सैन्यच आधी चिरतं. १८६१ मध्ये अमेरिकी सैन्यातले सुमारे ३०० अधिकारी राजीनामे देऊन दक्षिणेकडे गेले. दोन्ही बाजूंचे सेनापती एकाच अकादमीत, एकाच पुस्तकांतून शिकलेले, त्यामुळे एकमेकांचे स्वभाव त्यांना पाठ. रशियात लाल सेनेनं झारच्या हजारो जुन्या अधिकाऱ्यांना कामावर घेतलं, आणि त्यांनी पलटी खाऊ नये म्हणून त्यांच्या कुटुंबांवर डोळा ठेवला.

यादवी इतकी लांबते का, याचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९४० ते १९९० मधल्या युद्धांच्या एका गाजलेल्या पाहणीत आढळलं की देशादेशांतली ५५ टक्के युद्धं वाटाघाटींनी संपली, यादव्या मात्र फक्त २० टक्के. बाकीच्या बहुतेक कोणी तरी पुरता चिरडला गेल्यावरच थांबल्या. कारण अहंकार नव्हे, रचना आहे. दोन देश तह करतात तेव्हा दोघांच्या फौजा शाबूत राहतात. उद्या समोरच्यानं शब्द फिरवला तरी बंदूक हातात असते. एका देशात दोन फौजा नांदू शकत नाहीत, म्हणजे तह झाला की एकानं शस्त्रं खाली ठेवायची. ती ठेवल्यानंतरच्या सकाळी त्याचं रक्षण कोण करणार?

कोलंबियातल्या बंडखोरांना ही भीती कोणी शिकवावी लागली नाही. १९८५ मध्ये शांतताचर्चेच्या काळात फार्क संघटनेच्या पुढाकारानं ‘पॅट्रिऑटिक युनियन’ हा कायदेशीर पक्ष निघाला. पुढच्या काही वर्षांत त्याचे हजारो कार्यकर्ते मारले गेले किंवा बेपत्ता झाले. अध्यक्षपदासाठी उभे राहिलेले दोन नेते, १९८७ आणि १९९० मध्ये, गोळ्यांना बळी पडले. मग जंगलातल्या लोकांनी बंदूक सोडायला आणखी पाव शतक घेतलं यात नवल ते काय. २०१६ च्या करारानंतर त्यांनी शस्त्रं दिली ती सरकारच्या हाती नाही, संयुक्त राष्ट्रांच्या हाती. यादवीत तिसऱ्याचा पहारा लागतो तो याचसाठी. बोस्नियात १९९५ च्या डेटन शांतताकरारामागोमाग सुमारे ६०,००० परके सैनिक येऊन उभे राहिले.

आयर्लंडमध्ये तर शरणागतीही झाली नाही, तहही नाही. मे १९२३ मध्ये बंडखोरांना आदेश गेला की शस्त्रं लपवून ठेवा आणि घरी जा.

जिंकणाऱ्यानं हरलेल्याला काय द्यावं, याचा माझ्या मते सर्वांत शहाणा नमुना ॲपोमॅटॉक्सचा. ९ एप्रिल १८६५ ला तिथे दक्षिणेचा सेनापती ली यानं उत्तरेच्या सेनापती ग्रँटपुढे शरणागती पत्करली तेव्हा दक्षिणेच्या सैनिकांची एक अडचण निघाली: त्यांच्याकडचे घोडे आणि खेचरं बरेचदा त्यांच्या स्वतःच्या मालकीची होती. ग्रँटनं ती घरी न्यायची मुभा दिली, कारण पेरणी तोंडावर होती. भुकेल्या फौजेला २५,००० माणसांचा शिधा दिला. मग हातछपाईच्या यंत्रांवर रात्रंदिवस सुमारे २८,००० पास छापले गेले: हा मनुष्य पुन्हा लढणार नाही या शब्दावर सुटला आहे, त्याला त्रास देऊ नये. परक्या शत्रूला असा पास देऊन नांगराकडे धाडायचा प्रश्नच नसतो. तो त्याच्या सरकारची जबाबदारी. इथे तो माणूस उद्या तुमचाच करदाता होणार असतो. अर्थात याच तडजोडीची किंमत पुढे मुक्त झालेल्या काळ्या गुलामांनी मोजली. दक्षिणेचे गोरे लवकर ‘आपले’ झाले आणि त्यांच्या हातात पुन्हा सत्ता आली, हे विसरून ग्रँटचं कौतुक करू नये.

नायजेरियानं १९७० मध्ये फुटून निघालेल्या बिआफ्राला हरवल्यावर ‘ना कोणी विजेता, ना कोणी पराजित’ असं जाहीर केलं. शब्द उत्तम होते. पण बिआफ्रातल्या खातेदारांना, बँकेत कितीही रक्कम असो, हातात सरसकट वीस पौंड ठेवले गेले. तिथल्या लोकांना घोषणेपेक्षा ते वीस पौंड जास्त लक्षात राहिले. फ्रँकोनं तर शब्दांचीही काटकसर केली: फेब्रुवारी १९३९ च्या त्याच्या कायद्यानं ऑक्टोबर १९३४ पासूनची राजकीय कृत्यं मागाहून गुन्हा ठरवली.

विजय साजरा करण्याची अडचणही यादवीचीच. रोमन लोक मोठ्या विजयाची मिरवणूक काढत, पण नागरिकांवरच्या विजयासाठी ती काढायची नाही असा संकेत होता. म्हणून इ.स.पू. ३२ मध्ये ऑक्टेव्हियननं युद्ध पुकारलं ते क्लिओपात्राविरुद्ध. खरा प्रतिस्पर्धी अँटनी, पण कागदावर तो नव्हताच. यादवीला परचक्राचा मुखवटा चढवायची ही युक्ती तेव्हापासून जुनी झालेली नाही. जवळजवळ प्रत्येक सरकार आपल्या बंडखोरांना परकीयांचे हस्तक म्हणतं, आणि कधीकधी ते खरंही असतं. उलट प्रकारही आहे. फुटून निघणारे जिंकले तर तेच युद्ध पुढे पाठ्यपुस्तकात परक्यांविरुद्धचा लढा ठरतो. १७७६ च्या अमेरिकेत राजनिष्ठ वसाहतवालेही भरपूर होते, त्यांतल्या सुमारे ६०,००० जणांनी देश सोडला, पण त्या लढ्याला यादवी सहसा कोणी म्हणत नाही.

विसरावं की आठवावं, यावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. अथेन्सनं इ.स.पू. ४०३ मध्ये झालेल्या गोष्टी उकरून काढणार नाही अशी शपथ घेतली आणि लोकशाही सावरली. इंग्लंडनं १६६० मध्ये चक्क विस्मरणाचा कायदा केला. स्पेननं १९७७ मध्ये माफीचा कायदा केला, आणि २००० नंतर नातवंडं आजोबांची हाडं रस्त्याकडेच्या खड्ड्यांतून बाहेर काढू लागली. परक्यांशी झालेल्या युद्धात मेलेल्यांचं स्मारक गावच्या चौकात उभं राहतं. यादवीतला निम्मा गाव त्या स्मारकाकडे पाठ करून जातो.

फिनलंडकडे परत येतो, कारण तिथे एकाच पिढीनं दोन्ही युद्धं पाहिली. १९१८ च्या यादवीत ३६,००० हून अधिक माणसं मेली, त्यांतले बारा हजारांच्या आसपास कैद्यांच्या छावण्यांत, भुकेनं आणि रोगराईनं. जिंकलेल्यांचा सेनापती होता मानरहाइम, आणि त्याच्या विजयाची आठवण म्हणून दर वर्षी १६ मे रोजी संचलन होई. हरलेल्यांच्या घरांत त्या दिवशी काय वाटत असेल ते सांगायला नको. नोव्हेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत संघानं हल्ला केला तेव्हा मॉस्कोला वाटलं होतं की फिनी कामगार आपल्या बाजूला येतील. ते आले नाहीत. एकवीस वर्षांपूर्वी ज्यांचे बाप छावणीत मेले होते ती मुलंही मानरहाइमच्याच हाताखाली साडेतीन महिने बर्फात लढली. युद्ध थांबल्यावर, १९४० च्या मे महिन्यात, मानरहाइमनं १६ मेचं संचलन बंद केलं आणि त्याऐवजी महिन्याचा तिसरा रविवार सगळ्या मृतांच्या स्मरणाचा ठरवला. त्यात १९१८ चे गोरेही धरले होते आणि लालही.